वांकड्या चोंचीचा इतिहास

इंग्लंडांत सेंट ऑल्बन्स येथील मठांत तेराव्या शतकांत मॅथ्यू पॅरिस नांवाचा एक भिक्षु होऊन गेला. राजे, धर्मगुरु, लढाया, लग्नें, दुष्काळ यांची वर्षवार हकीकत लिहून ठेवणें हें त्याचें काम. आणि तें त्यानें इतक्या रसिकतेनें केलें आहे कीं त्या काळचा इतिहास लिहूं पाहणारास त्याच्या ग्रंथावांचून पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. या ग्रंथांत इ. स. १२५१ सालाखालीं एक लहानशी नोंद आहे. त्या वर्षीं फळांच्या हंगामांत पूर्वीं कोणीं न पाहिलेले, चंडोलाहून किंचित् मोठे असे पक्षी बागांत उतरले. त्यांनीं सफरचंदांतील बिया तेवढ्या खाल्ल्या, बाकीचें फळ टाकून दिलें, आणि मालकांचें फार नुकसान केलें. त्यांच्या चोंचीचीं दोन टोकें एकमेकांवरून आडवीं गेलेलीं होतीं, व त्यांनीं ते फळ जणूं चिमट्यानें किंवा सुरीनें फोडीत. उरलेल्या फळास तर विषाची बाधा झाल्यासारखें लोकांस वाटलें. मॅथ्यू हा चित्रकारही होता; समासांत त्यानें त्या पक्ष्याचें चित्र काढून ठेविलें आहे. राजकारणाच्या गर्दींत पाखराला एवढी जागा देणारा बखरकार आम्हांस तरी दुसरा चटकन् आठवत नाहीं.

हा पक्षी म्हणजे इंग्रजींतील क्रॉसबिल होय. आपल्या सह्याद्रींत तो नाहीं, आणि जो नाहीं त्याला नांव तरी कोठून असणार? तेव्हां या लेखापुरतें आम्ही त्याला वक्रचंचु म्हणूं. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका या खंडांच्या शिरोभागीं स्प्रूस, पाइन, लार्च अशा सूचिपर्णी वृक्षांचा जो अफाट पट्टा पसरला आहे तें त्याचें घर. हिमालयांतील उंच अरण्यांतही त्याची एक पोटजात नांदते. ती चणीनें लहान. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ यानें १८४५ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पक्षी चिमणीपेक्षां थोडा मोठा, मानेनें आंखूड, डोक्यानें जड. युरोपांतल्या पक्ष्याचें वजन सुमारें ४० ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबानें साडेतीन तोळे. नर विटेसारखा तांबडा, मादी हिरवट पिवळी. झाडाच्या शेंड्यावर बसून नर गातो. गाणें फार नांवाजण्यासारखें नाहीं, पण भर हिंवाळ्यांत, बर्फाखालीं वांकलेल्या रानांत तें ऐकूं येतें हें त्याचें वैशिष्ट्य.

त्याच्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार दिसते. माणसाला तो बहुधा त्याच्या घराबाहेर भेटला आहे: कधीं बागेंत, कधीं पिंजऱ्यांत, कधीं संग्रहालयाच्या फडताळांत. आणि जेथें भेटला तेथें माणसानें त्याच्याविषयीं मत बनविलें. बागेंत भेटला तेव्हां तो चोर ठरला. मॅथ्यूला काय ठाऊक कीं हे पक्षी लुटीच्या हौसेनें आले नव्हते, घरचें अन्न संपल्यामुळें आले होते! स्प्रूसला दरवर्षीं सारखा बहर येत नाहीं. एखाद्या वर्षीं शेंकडों कोसांतलीं झाडें एकदम लगडतात, आणि मागाहून एखादें वर्ष जवळजवळ कोरडें जातें. बहराच्या सालीं वक्रचंचूंची प्रजा वाढते, पुढें बियांचें पीक बुडतें, आणि मग ही वाढलेली प्रजा थव्याथव्यांनीं पश्चिमेस व दक्षिणेस लोटते. १५९३ सालीं इंग्लंडांत पुन्हां असाच लोंढा आल्याची नोंद आहे. १९०९ च्या लोंढ्यांतील पक्षी मात्र सारेच परत गेले नाहींत. पूर्व इंग्लंडांत माणसानें लाविलेल्या पाइनच्या राया त्यांस सांपडल्या, आणि पुढील वर्षापासून तेथें त्यांची वस्तीच झाली. सफरचंदाच्या बागेंतला दरोडेखोर पाइनच्या रायेंत साधा कुटुंबवत्सल गृहस्थ निघाला!

पिंजऱ्यांत भेटला तेव्हां तो साधु आणि वैद्य झाला. जर्मनींतील जुनी आख्यायिका अशी कीं, येशूला क्रुसावर चढविलें असतां एका पांखरानें त्याच्या हातापायांतले खिळे चोंचीनें उपटण्याचा प्रयत्न केला; त्यांत त्याची चोंच वांकडी झाली व पिसें रक्तानें माखलीं. युलियस मोझेन या जर्मन कवीनें ही कथा काव्यांत गुंफली आणि लाँगफेलोनें ती इंग्रजींत नेली. थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखांत हे पक्षी घरोघर पाळीत, तें निव्वळ कौतुकासाठीं नव्हे. घरांतल्या माणसाचें पडसें, सांधेदुखी हा पक्षी स्वतःच्या अंगावर ओढून घेतो अशी तेथें समजूत होती. बेखश्टाइन या पक्षिशास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस ती टिपून ठेविली आहे. तिच्यांत आणखी एक बारकावा होता. ज्याच्या वरच्या चोंचीचें टोंक उजवीकडे वळलें असेल तो पुरुषांचे रोग घेणार, डावीकडे वळलेला स्त्रियांचे! आपल्याकडील दृष्ट काढणाऱ्या आजीबाईंस यांत कांहींच नवल वाटलें नसतें. बिचारा पक्षी मात्र धुरकट खोलींत टांगून घेऊन घरच्यांच्या पडशाचें ओझें वाहत राहिला.

विद्वानांची पाळी आली तेव्हां वक्रचंचूच्या नशिबीं याहून कठोर निवाडा आला. झुरिकच्या गेस्नरनें १५५५ सालच्या आपल्या पक्षिग्रंथांत ग्रीक भाषेंतील 'आडवा' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'लोक्सिया' म्हटलें, आणि १७५८ सालीं लिनियसनें तें नांव कायम केलें; येथवर निंदा नव्हती. पण पुढें बुफाँ आला. पॅरिसच्या राजोद्यानाचा हा अधिपति, त्याच्या लेखणीपुढें सारा युरोप मान तुकवीत असे. त्यानें सांगितलें कीं ही चोंच म्हणजे निसर्गाची चूक, एक निरुपयोगी व्यंग. दक्षिण अमेरिकेंतील स्लॉथ या मंदगति प्राण्याविषयींही त्यानें असेंच लिहिलें आहे कीं, आणखी एखादा दोष असता तर तो जगूंच शकला नसता. बुफाँच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु येथें त्यानें सरळ चोंच हें माप धरलें, आणि मापांत जें बसलें नाहीं तें व्यंग ठरविलें. शास्त्रज्ञाला हा मोह नेहमींचा, आणि शिक्षकाला तर त्याहूनही अधिक.

निवाडा फिरविला तो रॉबर्ट टाउनसन या इंग्रज प्रवाशानें. जर्मनींतील हार्ट्झ पर्वताच्या सूचिपर्णी अरण्यांकडे बोट दाखवून या पक्ष्याचें मुख्य अन्न काय व तो तें कसें मिळवितो याचें बारीक वर्णन त्यानें १७९९ सालीं छापलें. पाइन किंवा स्प्रूस यांस फळाच्या जागीं जो लांकडी खवल्यांचा शंकु येतो, त्याच्या प्रत्येक खवल्याच्या पोटांत बिया असतात. शंकु पिकला कीं खवले आपोआप उघडतात. पण तोंवर ते घट्ट मिटलेले असतात. वक्रचंचु शंकूवर आडवा बसतो, चोंचीचीं टोकें एकमेकांवर आणून दोन खवल्यांमधील फटींत घुसवितो, आणि मग खालचा जबडा बाजूला सरकवितो. आपण तोंड वर-खालीं उघडतों. हा आडवेंही उघडतो. फट रुंदावली कीं जीभ आंत घालून तो बी उचलतो. कोणी या चोंचीला अडकित्त्याची उपमा देईल, पण ती बरोबर नाहीं. अडकित्ता कातरतो, ही चोंच फांकविते. मिटल्या दाराच्या फटींत पहार घालून तें उघडावें, तसला हा प्रकार आहे.

टाउनसनच्या निरीक्षणास शरीररचनेचा पुरावा जोडला विल्यम यॅरेल यानें. हा गृहस्थ लंडनांत पुस्तकें व वृत्तपत्रें विकण्याचा धंदा करी आणि उरल्या वेळांत पक्ष्यांचा अभ्यास. त्यानें वक्रचंचूचें डोकें कापून पाहिलें, तों एका बाजूचे जबड्याचे स्नायु दुसऱ्या बाजूपेक्षां स्पष्ट मोठे. जबड्याचा सांधाही आडवी हालचाल होईल असा मोकळा. १८२९ सालीं आपला निबंध प्रसिद्ध करून त्यानें बुफाँचें मत सविनय पण निःसंदिग्धपणें खोडून काढलें. राजोद्यानाच्या अधिपतीची चूक वृत्तपत्रविक्यानें दुरुस्त करावी, यांत शास्त्राचा मोठेपणा आहे असें आम्ही समजतों.

चोंचीचें कोडें सुटल्यावर पक्ष्याचें बाकीचें विचित्र वागणेंही उलगडतें. बहुतेक पक्षी वसंतांत घरटीं करतात, कारण पिल्लांस किडे लागतात. वक्रचंचु पिल्लांसही मुख्यतः बियाच भरवितो, पोटांत मऊ करून पुन्हां ओकून. म्हणून बी असेल तेव्हां त्याचा विणीचा हंगाम. स्प्रूसची बी शरद् ऋतूंत तयार होते आणि वसंतांत शंकु उघडून गळून जाते. तेव्हां मधला कडक हिंवाळा हाच याच्या घरचा सुकाळ. आपल्या पौष-माघाच्या दिवसांत, डहाळ्या बर्फानें लदलेल्या असतां, मादी शेवाळ, गवत व पिसें यांचें जाड अस्तर घातलेल्या घरट्यांत तीन-चार अंडीं घालून बसते. ती उठली तर अंडीं गोठावयाचीं. म्हणून ती उठत नाहीं, आणि नर तिला आणून भरवितो. पिल्लें थोडा वेळ उघडीं राहून गारठलीं, तरी ऊब मिळतांच पुन्हां हालचाल करूं लागतात. त्यांची चोंच मात्र जन्मतः इतर पाखरांसारखी सरळच असते! कांहीं आठवड्यांनीं टोकें हळूहळू एकमेकांस ओलांडूं लागतात, आणि तोंवर शंकु फोडणें जमत नसल्यानें घरटें सोडल्यावरही आईबापांस त्यांस भरवीत राहावें लागतें. कोरड्या तेलकट बियांवर निर्वाह असल्यामुळें हे पक्षी पाण्यावर वारंवार येतात. अरण्यांत यांस जवळून पाहण्याची खरी जागा तीच.

येवढें झालें तरी एक शंका उरते. चोंच भक्कम आहे म्हणून काम होतें, कीं ती आडवी ओलांडलेली आहे म्हणून? हा प्रश्न क्रेग बेंकमन व ॲना लिंडहोम या दोघांनीं १९९१ सालीं एका साध्या प्रयोगानें निकालांत काढला. पाळलेल्या वक्रचंचूंच्या चोंचीचीं ओलांडलेलीं टोकें त्यांनीं, आपण नखें कापतों तशीं, कापलीं. दुखण्याचा प्रश्न नव्हता. उघड्या शंकूंतून बी काढण्यास त्या पक्ष्यांस कांहीं अडचण पडली नाहीं. मिटलेले शंकु मात्र त्यांस उघडेनात. टोकें पुन्हां वाढत गेलीं तसतशी ती कला परत आली. बुफाँनें ज्याला व्यंग म्हटलें, त्या दोन-तीन मिलिमीटर वांकडेपणावरच पक्ष्याचा संसार उभा होता.

थुरिंगियाच्या वैद्यकासही येथें उत्तर मिळतें. चोंच उजवीकडे कीं डावीकडे याचा नर-मादीशीं कांहीं संबंध नाहीं. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही प्रकार जवळजवळ निम्मेनिम्मे आढळतात. याचें कारण बेंकमननें असें सुचविलें आहे कीं, झाडावरच्या शंकूस पक्षी आपल्या चोंचीच्या वळणाप्रमाणें एका विशिष्ट बाजूनेंच सोयीनें भिडूं शकतो. म्हणून ज्या वळणाचे पक्षी थोडे, त्यांस हात न लागलेल्या बिया अधिक.

आपल्याकडे म्हणतात, ज्यानें चोंच दिली तो चाराही देईल. वक्रचंचूच्या बाबतींत ही म्हण उलटी वाचावी लागते: येथें चाऱ्यानेंच चोंच घडविली आहे, आणि चोंचीनें चारा. ज्या रानांत ज्या झाडाचे शंकु, त्याच्या मापाची तेथल्या पक्ष्याची चोंच. लार्चच्या पातळ खवल्यांस हलकी, पाइनच्या जाड खवल्यांस पोपटासारखी जाडजूड. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतांत साउथ हिल्स म्हणून डोंगर आहेत. भोंवतालच्या रॉकी पर्वतांतील अरण्यांत तांबड्या खारी पाइनचे शंकु पक्ष्यांच्या आधीं तोडून सांठवितात. तेथें झाडांचा सामना खारींशीं. साउथ हिल्समध्यें हजारों वर्षें या खारी नव्हत्या. तेव्हां तेथें झाडाचा वैरी एकच, वक्रचंचु. झाडांनीं आपले खवले जाड केले, पक्ष्यांची चोंच तशी थोराड झाली, आणि हें चालतां चालतां तेथला पक्षी इतरांहून वेगळा पडला. २००९ मध्यें बेंकमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्याला 'खारीवांचूनचा' या अर्थाचें लॅटिन नांव दिलें, आणि २०१७ मध्यें अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेनें ती स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. तिकडे न्यूफाउंडलंड बेटावर याच्या उलट घडलें. तेथेंही पूर्वीं खारी नव्हत्या. १९६३ सालीं माणसानें त्या नेऊन सोडल्या. पुढें तेथील वक्रचंचु झपाट्यानें दुर्मिळ झाले, आणि अनेक अभ्यासक त्याचा मोठा दोष खारींकडे देतात.

साउथ हिल्सचा पक्षी आपल्या जातभाईंसारखा भटका नाहीं. तेथल्या पाइनचे शंकु वर्षानुवर्षें झाडावर मिटलेले राहतात, म्हणून त्याचें कोठार कधीं रिकामें पडत नसे व त्याला देशोधडीस जाण्याचें कारण नव्हतें. २०२० च्या सप्टेंबरांत त्या डोंगरांत मोठा वणवा लागला आणि अरण्याचा बराच भाग जळाला. या जातीच्या पाइनचे शंकु आगीच्या झळीनें एकदम उघडतात. बी राखेंत पडते आणि त्यांतून नवीं रोपें दाट उठतात. पण या पक्ष्यांस पुरतील इतके जुने, मिटलेले शंकु त्या रोपांवर सांठण्यास कित्येक दशकें लागतात. तोंपर्यंत जीं झाडें वणव्यांतून वांचलीं, त्यांवरच त्यांना भागवावें लागणार आहे.