दात काढणाऱ्याची नोंदणी आहे का? ‘डेंटल थेरपिस्ट’ पाटीमागचा कायदा

नवी मुंबई : पनवेल, उरण, कर्जतकडच्या एखाद्या नाक्यावर ‘डेंटल थेरपिस्ट’ किंवा ‘दातांचे तज्ज्ञ’ अशी पाटी दिसली, की आत बसलेला माणूस डॉक्टरच आहे असं अनेकजण धरून चालतात. पण नुसत्या पाटीवरून तसं ठरत नाही.

डेंटल थेरपिस्ट हा परदेशातला प्रकार. शाळकरी मुलांच्या दातांसाठी न्यूझीलंडने १९२१ मध्ये असं प्रशिक्षण सुरू केलं, तर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने २००९ मध्ये त्यांच्यासाठी परवान्याचा कायदा केला. आपल्याकडच्या दंतवैद्य कायदा, १९४८ मध्ये मात्र तीनच नोंदी आहेत : डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. चौथी नाही. (१९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला आहे.)

डेंटिस्टला बीडीएस पदवी लागते, म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आणि पुढे तिचं नूतनीकरण. हायजिनिस्टने दात साफ करायचे, काळजी कशी घ्यायची ते सांगायचं. मेकॅनिकने कवळी बनवायची, दुरुस्त करायची. दात काढणं, रूट कॅनॉल करणं हे या दोघांचं काम नव्हे.

गावाकडच्या लोकांनी माहीत ठेवावी अशी एक सवलत १९४८ च्या कायद्यात आहे. प्रसंग तातडीचा असेल आणि नोंदणीकृत डेंटिस्ट मिळतच नसेल, तर कोणीही दात काढून देऊ शकतो. अट एकच, बधिर करण्याचं इंजेक्शन द्यायचं नाही. म्हणजे विनानोंदणीवाला रोज दुकान मांडून, सुई टोचून दात काढत असेल, तर ही सवलत त्याच्या कामाची नाही. शिक्षा मात्र जुन्या काळातली : पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढ्याने कोण घाबरणार?

नुकसान सोसावं लागतं ते पेशंटला. ‘एका दिवसात पक्के दात’ म्हणून शेजारच्या चांगल्या दातांना तार आणि प्लास्टिकचा मसाला लावून जे चिकटवतात, त्याखाली अन्न अडकतं, हिरडी सडते आणि धड असलेले दातही हलायला लागतात. अवजारं नीट निर्जंतुक केली नसतील तर कावीळ ‘ब’ची भीती वेगळीच.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. संशय आला तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा दंत परिषदेकडे लेखी तक्रार करा. पाटीचा फोटो आणि पावती असेल तर सोबत जोडा.

खर्चाची अडचण असेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो, त्यामुळे सकाळी लवकर निघालेलं बरं.