पोखरणचे सरावक्षेत्र आणि माळढोक

राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यातले पोखरण हे नाव १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे सर्वतोमुखी झाले. लष्कराचे येथील गोळीबार सरावक्षेत्र आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माळढोकाच्या अखेरच्या आश्रयस्थानांत त्याची गणना होते.

तोफांच्या माऱ्यात पक्षी टिकावा, ही विसंगती वरवरची आहे. गोळे ठरावीक लक्ष्यांवर पडतात. सभोवतालचा विस्तीर्ण भाग सुरक्षेसाठी मोकळा ठेवावा लागतो. तेथे नांगर फिरत नाही, वस्ती वाढत नाही आणि उच्चदाबाच्या तारांचे जाळे पसरत नाही. यांतली शेवटची बाब निर्णायक आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचे त्याला फार थोडे दिसते आणि त्याच्या जड देहाला ऐनवेळी वळता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. त्यामुळे तारांना धडकून मेलेल्या एकेका पक्ष्याची उणीव वर्षानुवर्षे भरून निघत नाही.

पश्चिमेकडील मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौ. किमी. क्षेत्राचे आहे, पण त्यात गावे, शेते आणि चराऊ कळपही आहेत. उद्यान आणि पोखरण यांच्या दरम्यान पवनचक्क्या व वीजवाहिन्या उभ्या राहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

अर्थात, लष्कराने ही भूमी पक्ष्यासाठी राखलेली नाही. संरक्षण घडते ते ओघाने, आणि सरावाच्या गरजा बदलल्या तर तेही बदलू शकते. विणीच्या हंगामातील वाहनांची वर्दळ आणि स्फोट हे धोके आहेतच. याउलट, खास माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या महाराष्ट्रातील नान्नज अभयारण्यात हा पक्षी आता क्वचितच दिसतो. कागदावरच्या संरक्षणापेक्षा मोकळा माळ अधिक मोलाचा ठरतो, असे या तुलनेवरून म्हणावेसे वाटते.

२०१९ पासून रानातील अंडी गोळा करून सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत पिल्ले वाढवली जात आहेत. यांपैकी रामदेवरा पोखरणलगत आहे. या पिल्लांचे वंशज पुढे रानात सोडायचे, तर तारांविना राहिलेला गवताळ प्रदेश लागेल; पूर्व जैसलमेरात तो मुख्यतः या सरावक्षेत्रातच उरला आहे.