मूळ प्रत आणि दुरुस्तीचे दप्तर

मूळ लेखास हात न लावता त्यावरील दुरुस्ती निराळ्या कागदावर सकारण नोंदवावी, हा दप्तरांचा जुना शिरस्ता संगणकाच्या जगातही किती निष्ठेने पाळला गेला, याचा प्रत्यय डेबियन या लिनक्स-वितरणातील जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या, इतिहासात येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली हा कंपायलर प्रसिद्ध केला. त्याच्या दोन वर्षे आधी लॅरी वॉल यांनी नोंदवलेले फरक मूळ फाइलीवर लावणारे ‘पॅच’ हे साधन निर्माण केले होते, आणि १९९३ साली इयान मरडॉक यांनी डेबियनची स्थापना केली. तेथील जुन्या रिवाजानुसार प्रत्येक उगम-संचात मूळ गठ्ठा, फरकांची एकच फाइल आणि वर्णनपत्र असे. परंतु कंपायलरसारख्या विशाल ग्रंथात शेकडो फरक एकाच फाइलीत मिसळले, तर कोणता कोणत्या कारणाने झाला हे कळणे दुष्कर होई. म्हणून प्रत्येक दुरुस्तीला, म्हणजेच पॅचला, स्वतंत्र फाइल मिळाली आणि ते कोणत्या क्रमाने लावायचे याची फेरिस्त ठरली.

असा एखादा पॅच उघडून पाहावा: शिरोभागी ‘डीपी’ या अक्षरांपुढे प्रयोजन एका ओळीत सांगितलेले, खाली उणे चिन्हाने वगळलेली ओळ, अधिक चिन्हाने घातलेली ओळ आणि भोवती संदर्भाच्या अविकृत ओळी. मूळ कर्त्याचा मान राखून केलेली ही सेवा मला विद्वत्तेइतकीच आदरणीय वाटते. कारण पुढच्या आवृत्तीत तीच दुरुस्ती मूळ ग्रंथात स्वीकारली गेली, की हा कागद निःसंकोच दप्तराबाहेर काढला जातो.