हाड बांधणार कोण?

इमारत बांधताना बांबूंची परांची उभारतात आणि काम संपलं की उतरवतात. हाडाच्या गेलेल्या तुकड्याच्या जागी जो सच्छिद्र ढाचा बसवतात, त्यालाही 'स्कॅफोल्ड', म्हणजे परांचीच, म्हणतात. नवं हाड धरलं की तिने हळूहळू विरघळून जावं, ही अपेक्षा.

साधं फ्रॅक्चर शरीर स्वतःच जोडतं. पण अपघातात, गाठ काढताना किंवा जंतुसंसर्गाने काही सेंटिमीटर हाड गेलं, तर दोन टोकं आपसूक जुळत नाहीत. मग ती पोकळी कशाने भरायची?

डच सर्जन योब फान मेकेरेन यांच्या 1668 साली छापलेल्या ग्रंथात एक नोंद आहे. एका सैनिकाच्या कवटीत कुत्र्याचं हाड बसवलं, म्हणून चर्चने त्याला बहिष्कृत केलं. हाड काढून द्या म्हणत तो परत आला, पण तोवर ते एकजीव झालं होतं. पुढे 1880च्या सुमारास ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेन यांनी एका लहान मुलाच्या दंडाचं सडलेलं हाड इतर रुग्णांच्या पायातून काढलेल्या हाडाच्या तुकड्यांनी पुन्हा उभं केलं.

आजही पहिली पसंती रुग्णाच्याच कमरेच्या हाडाला असते. पण ते मोजकंच मिळतं, आणि एक जखम भरायला दुसरी करावी लागते.

माझ्या मते या इतिहासाला वळण मिळालं ते 1965 साली. अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढून टाकलं आणि उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. जिथे हाड नसतंच, तिथे नवं हाड तयार झालं! म्हणजे हाडात नुसता माल नव्हता, बांधकामाचा निरोपही होता. तो देणाऱ्या प्रथिनांना पुढे बीएमपी हे नाव पडलं. 1993 साली रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांनी 'सायन्स'मधल्या लेखात पेशी, निरोप देणारे रेणू आणि ढाचा यांची एकत्र मांडणी केली. टिश्यू इंजिनिअरिंगचा पाया म्हणून हा लेख ओळखला जातो.

2001 साली एक प्रयोग गाजला. यंत्रात अंगठ्याचं टोक गमावलेल्या माणसाला प्रवाळापासून केलेला ढाचा बसवला होता, त्यात त्याच्याच हाडावरच्या आवरणातल्या पेशी पेरून. अंगठा कामाला आला. मात्र तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात नवं हाड थोडंसंच सापडलं. परांची उभी होती, बांधकाम मागे पडलं होतं.

आज सीटी स्कॅनवरून हुबेहूब मापाचा ढाचा थ्रीडी प्रिंट करता येतो. सॉफ्टवेअरच्या माणसाला हे पाहून वाटतं, झालं की काम! पण आकार हा त्यातला सोपा भाग. रक्तवाहिनीपासून साधारण 200 मायक्रॉनपलीकडे, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीपलीकडे, पेशीला पुरेसा प्राणवायू पोचत नाही. त्यामुळे मोठ्या ढाच्याच्या मधोमध पेरलेल्या पेशी रक्त येईपर्यंत उपाशी मरतात. छिद्रं मोठी ठेवली तर रक्तवाहिन्यांना वाट मिळते, पण ढाचा कमजोर होतो. तो लवकर विरघळला तर भार पेलायला काही उरत नाही, रेंगाळला तर नव्या हाडाची जागा अडवतो.

म्हणून 'प्रिंट केलेलं हाड' अशी बातमी आली की मी आधी हे शोधतो: काही वर्षांनी आत रक्त खेळणारं हाड होतं, की नुसती परांची? पायावर उभं राहू पाहणाऱ्या रुग्णासाठी सगळा फरक त्यातच आहे.