‘महाल’ शब्दाचे अर्थ व दप्तरांतील त्याचा उपयोग

नागपुरांत ‘महाल’ म्हटलें म्हणजे भोसल्यांच्या राजवाड्याभोंवतालची जुनी वस्ती डोळ्यांपुढें येते. वाडा इ. स. १८६४ मध्यें जळाला, तरी वस्तीचें नांव टिकलें. त्यामुळें येथील वाचक जुन्या कागदांत हा शब्द पाहतांच राजवाडा असा अर्थ करूं लागतो. दप्तर लावतांना हा समज फार नडतो. मुलखाच्या वसुलाचा कागद राजवाड्याच्या रुमालांत जातो, आणि मग तो शोधणारास सांपडत नाहीं.

मूळ शब्द अरबी ‘महल’; अर्थ, उतरण्याची जागा. ‘मोहल्ला’ हाही त्याच धातूपासून निघाला. ‘महाल’ हें वस्तुतः ‘महल’ याचें अनेकवचन. परंतु ‘अखबार’, ‘उमराव’, ‘अहवाल’ यांप्रमाणें तें आपल्याकडे एकवचनांत रूढ झालें. हिंदींत वाड्यास ‘महल’ व वसुली भागास ‘महाल’ असा भेद बहुधा पाळतात. मराठींत दोन्ही अर्थ एकाच रूपांत मिसळले. घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

‘ऐन-इ-अकबरी’त सुभ्याखालीं सरकार व सरकाराखालीं महाल अशी रचना असून तो महाल बहुतेक परगण्याशीं जुळतो. मात्र त्याचा गाभा वसुलाचा, हद्दीचा नव्हे. म्हणूनच जकातीसारख्या बाबीसही ‘सायर महाल’ म्हणत. शिवकालीन ‘अठरा कारखाने, बारा महाल’ यांत तर पोतें, पागा, टांकसाळ, छबिना हीं खातीं येतात. आणि त्यांतच ‘दरुणी महाल’, म्हणजे जनाना, असल्यानें खातें व वाडा यांची सीमा तेथें पुसट होते. पुढें इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील महालकरी मामलेदाराच्या हाताखालीं तालुक्याचा एक भाग सांभाळी. शिंद्यांकडून इ. स. १८६१ मध्यें इंग्रजांकडे गेलेले ‘पंचमहाल’ हे पांच वाडे नव्हेत, हें सांगावयास नकोच.

तेव्हां अर्थ ठरवावा तो शेजारच्या शब्दांवरून. मागेंपुढें मौजे, परगणा, जमा, बाकी असल्यास मुलूख किंवा वसुलाची बाब. कारखान्यांच्या यादींत असल्यास खातें. रंग, शीश असें पद जोडलें असल्यास इमारत. नुसतें ‘महालीं’ एवढेंच असेल, तर यादींत मूळ शब्द जसाचा तसा उतरावा व पुढें ‘अर्थ अनिश्चित’ असें लिहावें. राजवाडा असें भाषांतर करून ठेवूं नये.