तीन शाहिरांचा एक फड

डहाणू आणि तलासरी या भागांत भाताची कापणी उरकली, कीं रात्रीच्या वेळीं पाड्यापाड्यांतून तारप्याचा आवाज ऐकूं येतो. वाळलेला भोपळा, त्यास मेणानें बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढेंच या वाद्याचें साहित्य. वाजविणारा एकच असतो. तो श्वास न तोडतां वाजवीत मध्यें चालतो, आणि एकमेकांच्या कमरेभोंवतीं हात घालून वारली स्त्री-पुरुष त्याच्या भोंवतीं साखळी धरतात. कोणी त्याच्याकडे पाठ करीत नाहीं. हें संगीत श्रोत्यांना खूष करण्यासाठीं नव्हे. तें माणसांनीं एकत्र येण्यासाठीं आहे.

दिवस उजाडला म्हणजे मात्र हींच माणसें पूर्वीं जमीनदाराच्या वेठीला जुंपलीं जात. लग्नासाठीं घेतलेलें कर्ज फेडण्याकरितां नवराबायको दोघेंहि सावकाराच्या घरीं राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास शेतकऱ्यांची परिषद भरली. तेथें गेलेल्या वारल्यांनीं परत येऊन जें सांगितलें, त्यांतून २३ मे १९४५ रोजीं झरी या गांवीं सुमारें पांच हजार आदिवासींची सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यांत आहे. त्या काळीं तें ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत मोडत असे. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साह्यानें तेथें ठरलें, कीं वेठ करावयाची नाहीं आणि बारा आण्यांहून कमी रोजावर राबावयाचें नाहीं. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मरण पावले. या साऱ्या लढ्याला वारल्यांनीं एक साधें नांव दिलें होतें. तें म्हणजे ‘लाल बावटा’.

हेंच नांव धारण करून मुंबईच्या कामगार वस्तींत एक गाणारा फड १९४४ सालीं उभा राहिला होता. ‘लाल बावटा कलापथक’ हें त्याचें नांव. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. हे तिघे वयानें तरुण, पण गाण्यानें मुरलेले होते. अमर शेख यांचा जन्म १९१६ चा, बार्शीचा. त्यांचें मूळ नांव महबूब हुसेन पटेल. ओव्या गाणाऱ्या आईच्या, मुनेरबीच्या, तोंडून त्यांना गाण्याचा पहिला संस्कार मिळाला; पुढें मोटारीवर क्लीनर आणि गिरणींत कामगार होऊन त्यांनीं पोट भरलें. अण्णा भाऊ १९२० सालीं वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं एका मातंग कुटुंबांत जन्मले. शाळा अशी त्यांना लाभली नाहीं. वडिलांबरोबर ते पायीं मुंबईस आले, आणि तमाशाची विद्या त्यांनीं नात्यांतल्या बापू साठे यांच्या फडांत उचलली. स्टालिनग्राडच्या लढाईवरील त्यांचा पोवाडा १९४३ मध्येंच गिरणगांवांत गाजला होता. गव्हाणकर हेहि चळवळीच्या सभांतून स्वतःच्या बळावर नांव मिळविलेले शाहीर.

असे तिघे एका फडांत यावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. मराठी शाहिरीची परंपरा एकोप्याची नसून चढाओढीची आहे. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र सवाल-जबाब करीत. हरलेल्या शाहिराला मान खालीं घालून उठावें लागे. पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यांत शाहीर आपलें नांव गुंफतो. फडहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. हें नांव हीच शाहिराची मिळकत. ज्याच्या घरीं जमीन नाहीं आणि पेटींत पैसा नाहीं, त्यानें तें सहजासहजीं सोडावें कसें? कलापथकानें नेमकें हेंच मागितलें. फडाच्या माथ्यावर तिघांपैकीं एकाचेंहि नांव नव्हतें. तेथें निशाणाचें नांव होतें.

या त्यागाचें फळ प्रयोगांत दिसून आलें. अण्णा भाऊंची लेखणी तिखट आणि विनोदी. अमर शेखांचा आवाज पहाडी, गिरणगांवच्या मैदानावर शेवटच्या माणसापर्यंत पोंचणारा. अण्णा भाऊंनीं तमाशाच्या जुन्या बांधणीला हात घातला. गणांत गणपतीच्या ठिकाणीं मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमणाऱ्या माणसाला वंदन आलें. गौळण गळाली. बतावणी आणि वग तसेच राहिले, परंतु त्यांत राजाच्या जागीं सावकार आणि प्रधानाच्या जागीं त्याचा मुनीम येऊन उभा राहिला. ‘अकलेची गोष्ट’ या वगांत असा सावकार पाहून प्रेक्षक हंसत. हंसूं ओसरल्यावर त्यांना आपल्याच गांवचा सावकार आठवे. डफ, तुणतुणें आणि ढोलकी हीं वाद्यें मात्र पिढीजातच ठेविलीं होतीं. ज्या माणसाला वाचतां येत नाहीं, त्याच्यापर्यंत वर्तमान पोंचवावयाचें, तर तें त्याच्या कानाला ओळखीच्या चालींतूनच गेलें पाहिजे, हें या शाहिरांना पक्कें ठाऊक होतें.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं या फडाकडे प्रथम आदरानें पाहिलें नाहीं. तमाशाचें नांव ज्या घरांत चारचौघांत काढीत नसत, तेथें तमाशाच्या ढंगांत देशाची गोष्ट कोणी सांगेल ही कल्पनाच रुचणारी नव्हती. सरकारनेंहि, स्वातंत्र्यानंतर लवकरच, तमाशावर बंदी घातली. तेव्हां अण्णा भाऊंनीं आपल्या प्रयोगांना ‘लोकनाट्य’ म्हणण्यास प्रारंभ केला. आज तो शब्द नाट्यगृहांत मानानें उच्चारला जातो. त्याचा जन्म बंदीच्या धाकांत झाला, याची आठवण थोड्यांनाच असते.

पुढें कलापथक पहिल्यासारखें राहिलें नाहीं आणि तिघांच्या वाटा निराळ्या झाल्या. परंतु संयुक्त महाराष्ट्राचें आंदोलन पेटलें, तेव्हां हे तिन्ही आवाज पुन्हां एका मागणीसाठीं उठले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गांवावर राहिली’ ही छक्कड त्याच काळची. गांवीं राहिलेल्या बायकोसाठीं झुरणारा मुंबईचा कामगार तींत आपल्या विरहाची तुलना तुटलेल्या महाराष्ट्राशीं करतो. आणि परक्या हातीं गेलेल्या मुलुखाची नांवें घेतांना तो बेळगांव-कारवारच्या बरोबरीनें डांग आणि उंबरगांव यांचीहि आठवण काढतो.

उंबरगांव म्हणजे झरीच्या सभेचा तोच तालुका. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला, तेव्हां त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेस गेला. झरी आणि तलासरीचा मुलूख महाराष्ट्रांत राहिला. ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. अशा रीतीनें राज्यांची हद्द वारल्यांच्या वस्तींतून गेली. एकाच कुळाचे लोक दोन राज्यांचे रहिवासी झाले.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजीं मुंबईंत वारले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनीं, २९ ऑगस्टला, मोटार-अपघातांत अमर शेख गेले. दोघांच्याहि घरीं मागें ठेवण्याजोगी मालमत्ता नव्हती. राहिलीं तीं गाणीं, आणि नांवाचा हट्ट सोडून तीन शाहीर एका फडांत उभे राहिले होते ही हकिकत. तलासरीच्या हद्दीवर कापणीनंतर तारपा आजहि वाजतो, आणि त्याच्या भोंवतीं नाचणारी साखळी अलीकडेहि असते व पलीकडेहि असते.