सेनापती बापू गोखले यांची लष्करी कारकीर्द : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वाचा विचार करताना बापू गोखले यांचे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. मात्र त्यांच्या कारकिर्दीची चर्चा पुणे आणि आष्टी या दोन ठिकाणांभोवतीच फिरत राहते. घाटाखालील कोकणाचा विचार त्यात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात याच अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

नरहर गणेश उर्फ बापू हे धोंडोपंत गोखल्यांचे पुतणे. 1800 मध्ये धोंडजी वाघाशी झालेल्या लढाईत धोंडोपंत मारले गेले व पथकाची जबाबदारी बापूंवर आली. 1803 मध्ये ते आर्थर वेलस्लीच्या सैन्याबरोबर होते. इंग्रजांची युद्धपद्धती इतक्या जवळून पाहिलेला सरदार पुढे त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला, हे विसरता कामा नये. पुढे पंतप्रतिनिधींचा बंदोबस्त करताना वासोटा लढविणाऱ्या ताई तेलिणीने त्यांना दीर्घकाळ झुंजविले.

13 जून 1817 च्या पुणे करारान्वये बाजीरावाने उत्तर कोकण इंग्रजांना तोडून दिले. कोळवण या जुन्या नावाने ओळखला जाणारा शहापूरचा डोंगराळ भाग व मुरबाड याच प्रदेशातील. नाणेघाट व माळशेज या जुन्नरकडे जाणाऱ्या वाटांचा पायथा मुरबाडमध्येच आहे. म्हणजे 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीस लढाई झाली, तेव्हा सह्याद्रीची ही पश्चिम बाजू पेशव्यांच्या हाती उरली नव्हती. खडकीस गोखल्यांच्या घोडदळाचा वेग दलदलीने मोडला, हे कारण इतिहासकार आवर्जून देतात. परंतु युद्ध सुरू होण्यापूर्वीच गमावलेला हा मुलूख प्रस्तुत लेखकास अधिक निर्णायक वाटतो. डिसेंबरमध्ये बाजीराव जुन्नरच्या डोंगराळ भागात आला. 1816 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून निसटलेला त्रिंबकजी डेंगळे तेथे त्यास मिळाला. खाली कोकणात उतरून मात्र आश्रय घेता येण्याजोगा नव्हता. सैन्य पुन्हा दक्षिणेकडेच वळले.

20 फेब्रुवारी 1818 रोजी आष्टी येथे जनरल स्मिथच्या फौजेने त्यांना गाठले. बाजीराव निघून गेला. गोखले थोड्या स्वारांनिशी उलटून पडले व स्मिथ जखमी झाला. गोखले तेथेच धारातीर्थी पडले. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती आले. उत्तर कोकण करारान्वये कंपनीकडे जाऊन तेव्हा आठ महिने लोटले होते.